अलाइनमेंट करून आणलं, गाडी सरळ जाते, पण स्टेअरिंग तिरकं. चूक नेमकी कुठे होते?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची स्विफ्ट डिझेल, १,१८,००० किमी झालेत. गेल्या महिन्यात पुढचे दोन्ही शॉकअप आणि डावा लोअर आर्म बदलला. त्यामुळे चाकांचं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करणं भागच होतं. साताऱ्यातच एका ठिकाणी केलं. मशीन कॅमेऱ्याचं, थ्रीडी. सगळे आकडे हिरवे झालेले मी स्वतः स्क्रीनवर पाहिले, त्याचा कागदही हातात दिला.

बाहेर पडलो आणि हायवेला लागल्यावर लक्षात आलं, गाडी नाकासमोर चालते आहे पण स्टेअरिंग उजवीकडे कललेलं आहे. थोडंथोडकं नाही, स्पीडोमीटरचा डावा कोपरा स्पोकच्या मागे जातो. परत गेलो तर म्हणाले, "अलाइनमेंट बरोबर आहे, कागद बघा. स्टेअरिंग काढून एक-दोन खाचा फिरवून बसवतो, दहा मिनिटांचं काम." मला ते पटलं नाही म्हणून तसाच घरी आलो.

माझे प्रश्न तीन. आकडे हिरवे असताना स्टेअरिंग तिरकं कसं? यात टायर खराब होतील का? आणि स्टेअरिंग काढून बसवू द्यावं का?

चाकोरी

स्टेअरिंग अजिबात काढू देऊ नका. बाकीचं जाणकार सांगतीलच.

पाणसळ

कृष्णाकाठ, चांगलं केलंत परत आलात ते. मी पिंपरीत २३ वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. पण आधी मला चार गोष्टी सांगा.

एक, मोकळ्या सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाला हात अगदी हलके केले तर गाडी एका बाजूला जाते का? दोन, स्टेअरिंग किती कललंय? अंदाज नको, मोजून सांगा. गाडी सरळ जात असताना शेजारी बसलेल्या माणसाला स्टेअरिंगच्या कडेवर, अगदी वर, मास्किंग टेपचा तुकडा लावायला सांगा. मग गाडी उभी करून स्टेअरिंग डोळ्यांनी सरळ करा आणि तो तुकडा मध्यापासून किती सरकला ते टेपने मोजा. तीन, कागदावर पुढच्या चाकांचे टो, म्हणजे चाक सरळपासून किती आत (अधिक) किंवा बाहेर (उणे) बघतंय तो कोन, किती आहेत, डावं-उजवं वेगवेगळं? चार, अलाइनमेंट करताना स्टेअरिंगला खालून धरणारा दांडा लावला होता का, आणि तो लावताना इंजिन चालू होतं की बंद?

गाडी ओढणं आणि स्टेअरिंग तिरकं असणं हे दोन निराळे आजार आहेत. लोक दोन्हीला "अलाइनमेंट आउट" म्हणतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

कृष्णाकाठ

आज पहाटे लोणंद रस्त्याला जाऊन आलो, मुलगा सोबत होता.

ओढत नाही. हात हलके केल्यावर बऱ्याच अंतरानंतर किंचित डावीकडे जाते, पण ते रस्त्याच्या उतारामुळे असावं. टेपचा तुकडा ३९ मिमी सरकला, उजवीकडे. कागदावर पुढचं डावं +०°०३', उजवं +०°०२', एकूण +०°०५'. दांडा लावला होता, पण इंजिन बंदच होतं. दांडा लावताना तो माणूस गाडीच्या बाहेर, दाराशी उभा होता आणि वाकून बघत होता. एवढं मला नक्की आठवतंय.

पाणसळ

तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतच उत्तर आहे.

स्टेअरिंगचा व्यास साधारण ३७ सेंटिमीटर धरला तर कडेवरचा १ अंश म्हणजे ३.२ मिमी. ३९ मिमी म्हणजे १२ अंश. हा रस्त्याच्या उताराचा परिणाम नाही, एवढा फरक उताराने पडत नाही.

आता आकडे हिरवे कसे, ते सांगतो. पुढची दोन्ही चाकं स्टेअरिंगच्या रॅकला, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणाऱ्या आडव्या दांडीला, दोन टाय रॉडनी जोडलेली असतात. गाडी रस्त्यावर धावते तेव्हा ती दोन चाकं एकूण टो आपापसात समसमान वाटून घेतात. डावं चाक जास्त बाहेर बघत असेल आणि उजवं जास्त आत, तर रॅक आपोआप सरकतो आणि गाडी सरळ जाते. फक्त रॅक सरकला की त्याच्याबरोबर स्टेअरिंगही फिरतं. म्हणजे गाडीचं सरळ जाणं आणि स्टेअरिंगचं सरळ असणं, दोन्ही एकाच वेळी हवं असेल तर टाय रॉडला हात लावण्याआधी स्टेअरिंग खरंखुरं सरळ धरून बांधलेलं पाहिजे.

मशीनला स्टेअरिंग दिसत नाही. कॅमेऱ्यांना फक्त चाकांवर लावलेल्या पाट्या दिसतात. तुम्ही स्टेअरिंग १२ अंश तिरकं बांधलंत आणि दोन्ही चाकं सरळ केलीत, तर मशीन इमानदारीने हिरवं दाखवणार. तुमच्या गाडीत तेच झालंय. चाकं सरळ आहेत, पण ती तिरक्या स्टेअरिंगला धरून सरळ केलेली आहेत.

टायरचं म्हणाल तर एकूण टो बरोबर असेल तोवर तिरक्या स्टेअरिंगने टायर खाल्ला जात नाही. तरीही पुढच्या टायरवरून तळहात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं तर टो बिघडलेला आहे. दोन्हीकडून सारखं लागलं तर निश्चिंत राहा.

कृष्णाकाठ

हात फिरवून पाहिला, दोन्हीकडून सारखंच आहे. जिवात जीव आला. पण मग दांडा लावायची बरोबर रीत कोणती? इंजिन चालू असण्याचा काय संबंध?

पाणसळ

रीत सांगतो. आमच्याकडे नवीन मुलगा आला की पहिला महिनाभर मी त्याला फक्त एवढंच करायला लावतो.

सगळ्यात आधी हवा. चारही टायरची, थंड असताना, दारावरच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे. मग गाडी उचलून टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश हाताने हलवून बघायचे. काही ढिलं असेल तर अलाइनमेंट करूच नये, पैसे वाया. चाकांवर पाट्या लावून गाडी मागेपुढे ढकलली की रिमचा वाकडेपणा मशीन वजा करून घेतं. पुढची चाकं फिरत्या ताटांवर आली की ताटांच्या पिना काढायच्या. पुष्कळ ठिकाणी घाईत पिना तशाच राहतात. मग टाय रॉड फिरवला तरी चाक मोकळेपणी वळत नाही, नुसतं टायरचं रबर पिळून राहतं आणि रस्त्यावर गेल्यावर सुटतं.

आता स्टेअरिंग. इंजिन चालू करायचं. स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं हलवत, दर वेळी कमी करत मध्यावर आणायचं आणि सोडून द्यायचं. पॉवर स्टेअरिंगच्या आत एक बारीक सळई असते. आपण किती जोर लावतोय ते ती पिळली जाण्यावरून कळतं आणि त्याप्रमाणे मदत मिळते. इंजिन बंद असताना स्टेअरिंग फिरवलंत तर ती सळई पिळलेल्या अवस्थेतच राहते. वरून स्टेअरिंग सरळ दिसतं, खाली रॅक मात्र थोडा मागे राहिलेला असतो. इंजिन चालू असलं की तो पीळ सुटतो.

मग सीटवर नीट बसायचं. दारात उभं राहून बघायचं नाही. आपल्या गाड्यांचं स्टेअरिंग उजवीकडे असतं आणि उजव्या दारातून वाकून पाहिलं की नजर तिरकी पडते, पाच-सात अंशांचा फरक सहज फसवतो. दोन्ही बाजूंच्या स्पोकवर आडवी पाणसळ ठेवायची. माझं इथलं नावच त्यावरून घेतलंय. पाणसळ नसेल तर दोन्ही स्पोकच्या टोकापासून डॅशबोर्डवरच्या एकाच उंचीच्या खुणांपर्यंत टेपने मोजायचं, दोन्हीकडे सारखं भरलं पाहिजे. मग दांडा घट्ट बसवायचा, इंजिन बंद करायचं आणि दांडा लावल्यानंतर पाणसळ पुन्हा एकदा बघायची. दांडा कसताना स्टेअरिंग हलतं, हे सगळ्यांना माहीत असतं, पण पुन्हा बघायचे कष्ट कोणी घेत नाही.

मागची चाकं आधी तपासायची, मग पुढची जुळवायची. स्विफ्टसारख्या गाडीत मागे जुळवायला काही नसतं, पण मागचा बीम कुठे आपटून तिरका झाला असेल तर गाडी खेकड्यासारखी किंचित आडवी चालते आणि पुढचं कितीही नीट केलं तरी स्टेअरिंग तिरकं राहतं. म्हणून चारही चाकांना पाट्या लागल्या पाहिजेत, फक्त पुढच्या दोनला नाही.

जिप्सी_कोल्हापूर

पाणसळदादा, फार सुंदर लिहिलंय. माझ्या जिप्सीची गोष्ट जरा वेगळी पडते, म्हणून लिहितो. पुढे अखंड एक्सल आणि लीफ स्प्रिंग, रॅक नाहीच, स्टेअरिंगची पेटी आहे. तिथे दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड एक आणि पेटीपासून चाकाकडे येणारी ड्रॅग लिंक निराळी. टो टाय रॉडने जुळतो, स्टेअरिंग सरळ होतं ते ड्रॅग लिंकने. दोन कामं, दोन वेगळे रॉड. दाजीपूरहून येताना दगडावर आदळून ड्रॅग लिंक जराशी वाकली होती. स्टेअरिंग डावीकडे पाव फेरा गेलं, पण टो जसाच्या तसा. मोजून पाहिलं तेव्हाच कळलं की मुळात अलाइनमेंट बिघडलेलंच नाही.

आणखी एक. पेटीच्या स्टेअरिंगला बरोबर मध्यावर सगळ्यात कमी प्ले (ढिलेपणा) असतो, पेटी बनवतानाच तसं ठेवतात. स्टेअरिंग नुसतं काढून सरळ बसवलं तर पेटीचा तो मध्य बाजूला राहतो आणि सरळ रस्त्यावर गाडी लोंबकळल्यासारखी चालते. आमच्या ग्रुपमध्ये दोघांनी हा त्रास काढलाय.

जुना_चालक

मी १९७८ पासून गाडी चालवतो. अ‍ॅम्बॅसडर, पद्मिनी, मग मारुती ८००. आमच्या वेळी मिस्त्री स्टेअरिंग वरून काढूनच बसवायचे आणि गाड्या चालायच्या. त्यामुळे "अजिबात काढू नका" असं सरसकट म्हणणं बरोबर वाटत नाही.

पाणसळ

काका, तुमचं म्हणणं मी टाळत नाही. त्या गाड्यांत स्टेअरिंगच्या मध्ये फक्त हॉर्नचं बटण असायचं, काढल्याने काही मोडायचं नाही. आणि स्टेअरिंग कधी कोणी काढून चुकीच्या खाचेत बसवलं असेल तर ते काढूनच दुरुस्त करावं लागतं, आजच्या गाडीतसुद्धा.

पण ते ठरवायचं कसं? स्टेअरिंग पूर्ण डावीकडे नेऊन तिथून पूर्ण उजवीकडे किती फेरे होतात ते मोजायचं. समजा सव्वातीन झाले. त्याच्या निम्मे फेरे परत आणले की रॅकचा मध्य. तिथे स्टेअरिंग सरळ दिसलं तर स्टेअरिंग जागेवर आहे आणि चूक खाली टाय रॉडमध्ये आहे. कृष्णाकाठ यांनी हे करून बघावं. आणि टाय रॉडच्या चेकनटापुढे (रॉड जागेवर घट्ट धरणाऱ्या नटापुढे) किती आटे उघडे दिसतात ते दोन्हीकडे मोजावं. साधारण सारखे हवेत. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दहा असतील तर आधी कोणीतरी एकाच बाजूने ओढलंय, किंवा काहीतरी वाकलंय.

रॅक मध्यावर नसताना स्टेअरिंग वरून फिरवून सरळ केलं तर डावं आणि उजवं वळण असमानच राहतं. यू-टर्नला एका बाजूला गाडी लवकर वळते, दुसरीकडे अडते. घाटात हे जाणवतं.

येऊरवासी

मी ठाण्याहून लिहितेय. "दहा मिनिटांचं काम" यावर मला माझा अनुभव सांगायचाच आहे, म्हणजे दुसऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये.

दोन वर्षांपूर्वी अगदी अशीच तक्रार घेऊन मी गेले होते. त्यांनी स्टेअरिंग काढलं, फिरवून बसवलं, सरळ दिसायला लागलं, मी खूश. आठ दिवसांनी घोडबंदरला सिग्नलवर पूर्ण उजवीकडे वळताना आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. हॉर्न बंद आणि एअरबॅगचा लाल दिवा कायमचा लागला. दुसरीकडे दाखवलं तेव्हा समजलं की स्टेअरिंगच्या मागे घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी असते. एअरबॅग आणि हॉर्नच्या तारा तिच्यातून येतात. स्टेअरिंग काढलेलं असताना ती हाताने फिरली, तिचा मध्य हरवला, आणि पूर्ण वळणाला ती ताणून तुटली. खर्च साडेसहा हजार झाला, त्याचं फार नाही. मला आजही वाईट वाटतं ते याचं की ते आठ दिवस मी माझ्या मुलीला शाळेत ने-आण करत होते आणि आत काय झालंय याची मला कल्पनाही नव्हती. तुटलेल्या पट्टीने एअरबॅग उघडत नाही.

चाकोरी

ताई, हे सांगितलंत ते फार बरं झालं. १ जुलै २०१९ पासून तर आपल्याकडे बनणाऱ्या सगळ्याच मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. म्हणजे आता जवळजवळ प्रत्येक स्टेअरिंगमागे ती पट्टी असणार.

पाणसळ

ताई, तुमचा राग रास्त आहे. एअरबॅगचं स्टेअरिंग काढायचं तर आधी बॅटरीची तार सोडून थांबायचं असतं, चाकं सरळ ठेवायची असतात, पट्टीला चिकटपट्टी लावून ती हलू द्यायची नसते. एवढी काळजी घेणारा माणूस मुळात स्टेअरिंग काढायला जात नाही, तो खाली वाकून टाय रॉड बघतो.

आणि खाचांचं गणितही बघा. स्टेअरिंग ज्या शाफ्टवर बसतं त्याच्यावर ३६ खाचा असतील तर एक खाच म्हणजे १० अंश. समजा एखादं स्टेअरिंग ६ अंश तिरकं असेल तर खाच बदलून ते कधीच सरळ होणार नाही, फार तर ४ अंश उलट्या बाजूला जाईल. टाय रॉडने मात्र एका अंशापर्यंत आणता येतं.

नेकारकाठ

मी श्टुटगार्टला असतो. इथे गाडी उजव्या बाजूने चालते आणि रस्त्याचा उतारही उजवीकडे, त्यामुळे इथली निरोगी गाडीसुद्धा हात हलके केले की हळूहळू उजवीकडे जाते. पुण्यात भावाची गाडी चालवली की ती डावीकडे जाते. दोन देशांतल्या दोन गाड्या, दोन्ही चांगल्या.

मला भर घालायची आहे ती स्थिरता प्रणाली (घसरताना गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांबद्दल. त्यांच्यात स्टेअरिंग किती अंश वळलंय हे मोजणारा सेन्सर असतो. स्टेअरिंग १२ अंश तिरकं असेल तर गाडीला वाटतं, चालक वळतोय पण गाडी वळत नाही. मग दिवा लागतो, किंवा ओल्या रस्त्यावर नको तेव्हा एखाद्या चाकाला ब्रेक लागतो. लेन धरून ठेवणाऱ्या गाड्यांत स्टेअरिंग स्वतःहून ओढल्यासारखं वाटतं. म्हणून इथे अलाइनमेंट झालं की स्कॅनर लावून त्या सेन्सरचं शून्य पुन्हा नोंदवतात, तो कामाचाच भाग समजतात. तुमच्या गाडीत ही प्रणाली असेल तर विचारा. पण आधी टाय रॉडने स्टेअरिंग सरळ आणि मगच शून्य. तिरक्या स्टेअरिंगलाच शून्य नोंदवून घेतलं तर चूक कायमची आत जाऊन बसते.

रस्तेबांधणी

उताराबद्दल थोडं, कारण माझं कामच ते आहे. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला आडवा उतार साधारण २ टक्के देतात. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ७ सेंटिमीटर. दुभाजक असलेल्या हायवेवर आपल्या बाजूच्या लेन बहुधा सगळ्या डावीकडेच उतरतात. त्यामुळे "जाताना पाहिलं, येतानाही पाहिलं, दोन्ही वेळा डावीकडे गेली" हा पुरावा ठरत नाही. जाताना-येताना तुम्ही डाव्याच उतारावर असता. तपासायचं तर एखादं मोठं रिकामं काँक्रीटचं आवार गाठा, एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी मिळतं. तिथे एकाच पट्ट्यावर दोन्ही दिशांनी जा. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे गेली तर जमीन उतरती आहे. दोन्ही वेळा एकाच बाजूला गेली तर गाडीत आहे.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. फेरे मोजले, पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे. निम्म्यावर आणलं तर स्टेअरिंग बरोबर सरळ. म्हणजे स्टेअरिंग जागेवर आहे. आटे मोजायला खाली डोकावलो, डावीकडे ५ आणि उजवीकडे १० उघडे. आता दुसऱ्या ठिकाणी जाणार आहे. तिथे काय सांगू? उगाच शहाणपणा शिकवल्यासारखं वाटायला नको.

पाणसळ

शिकवू नका, मागणं मागा. "दादा, सरळ रस्त्याला स्टेअरिंग १२ अंश उजवीकडे जातं. इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग सरळ बांधा आणि टाय रॉडला हात लावायच्या आधीचे आकडे मला दाखवा." एवढंच. चांगला कारागीर याला कधी नाही म्हणणार नाही, उलट त्याला बरं वाटतं.

आकडे काय येतील तेही सांगतो. स्टेअरिंग सुमारे १६ अंश फिरवलं की चाक १ अंश वळतं, असं धरा. १२ अंशांना चाक पाऊण अंश, म्हणजे ४५ मिनिटं (एका अंशाची ६० मिनिटं). स्टेअरिंग सरळ बांधलं की दोन्ही चाकं डावीकडे बघत असलेली दिसतील. डाव्याचा टो उणे चाळीसच्या आसपास, उजव्याचा अधिक चाळीसच्या वर. दोन्ही लाल. पण बेरीज बघा, ती तीच येईल, पाच मिनिटं.

रॅक चाकांच्या मध्यरेषेच्या मागे आहे, म्हणून डावा टाय रॉड लांब करायचा आणि उजवा तितकाच आखूड. आटे दीड मिमीचे आणि चाकाकडचा आर्म १२ सेंटिमीटरचा धरला तर एक पूर्ण फेरा म्हणजे ४३ मिनिटं. त्यामुळे दोन्हीकडे साधारण एकेक फेरा लागेल. एकाच बाजूला दोन फेरे दिले तर एकूण टोची वाट लागेल.

फेरा देण्याआधी रॅकच्या रबरी बुटाची बारीक क्लिप सैल करायला सांगा. नाहीतर रॉडबरोबर बूट पिळतो, पुढे फाटतो आणि पावसाळ्यात पाणी-चिखल रॅकमध्ये जातो. एका क्लिपच्या आळसापायी गंजलेले रॅक मी किती बदलले असतील.

चाकोरी

एक शंका. मी ज्यांच्याकडे जातो ते कायम एकाच बाजूचा टाय रॉड फिरवतात. एकूण टो हिरवा येतो. त्यानेही स्टेअरिंग तिरकं होतं का?

पाणसळ

होतं, हमखास. समजा एकूण टो ४० मिनिटांनी बिघडलाय आणि तो सगळा एकाच चाकावर काढला. रस्त्यावर चाकं तो अर्धा-अर्धा वाटून घेतात, म्हणजे रॅक २० मिनिटांनी सरकतो. २० गुणिले १६, म्हणजे ३२० मिनिटं, स्टेअरिंग सव्वापाच अंशांनी कललं. दर अलाइनमेंटला तोच रॉड फिरवला की ते साचत जातं. दुसरीकडचा चेकनट गंजून घट्ट बसलेला असतो, तो सोडवायला वंगण टाकून दहा मिनिटं थांबावं लागतं, म्हणून सैल असलेलीच बाजू फिरवली जाते. कृष्णाकाठ यांच्या ५ आणि १० आट्यांमागे तिरक्या बांधलेल्या स्टेअरिंगबरोबर हेही असू शकेल.

कृष्णाकाठ

झालं एकदाचं! सविस्तर लिहितो.

काल शिरवळजवळ एका ठिकाणी गेलो. पाणसळदादांनी सांगितलं तसंच मागणं मागितलं. तिथले काका पन्नाशीचे, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी तुमच्याबरोबर एक चक्कर मारतो." चक्कर मारली, स्वतः चालवून पाहिली. मग हवा तपासली, उजव्या पुढच्यात ४ पौंड कमी होती. इंजिन चालू करून सीटवर बसले, स्टेअरिंग हलवत हलवत मध्यावर सोडलं. पाणसळ त्यांच्याकडे होती, तिची काच जुनी होऊन धुरकट झालेली, पण होती.

दांडा लावल्यावर स्क्रीनवर आकडे आले. डावं −०°४२', उजवं +०°४७'. दोन्ही लाल. एकूण +०°०५'. मी खिशातून जुना कागद काढून शेजारी धरला. एकूण तोच, पाच मिनिटं. ते पाहून अंगावर शहारा आला. तीच गाडी, त्याच दिवशीची चाकं, एक कागद हिरवा आणि एक लाल, आणि फरक फक्त स्टेअरिंग कसं धरलं याचा.

डावीकडचा चेकनट सैल व्हायला वेळ लागला, वंगण मारून चहा घेऊन आलो. बुटाच्या क्लिपा त्यांनी मी न सांगताच सोडल्या. डावीकडे आणि उजवीकडे एकेक फेऱ्याला थोडा कमी दिला, मग हळूहळू जुळवत दोन्ही +०°०३' आणि +०°०२' वर आणले. चेकनट कसताना दुसऱ्या पान्याने रॉड धरून ठेवला. नाहीतर कसताना आकडा हलतो, असं म्हणाले. शेवटी दांडा काढून गाडी दोन-तीनदा दाबून हलवली आणि आकडे पुन्हा पाहिले.

येताना खंबाटकी उतरून सरळ रस्त्याला लागल्यावर मुलाने टेप लावली. तुकडा मध्यापासून ३ मिमी. म्हणजे एक अंशही नाही. सहाशे रुपये घेतले, मी वर शंभर देऊ केले तर घेतले नाहीत.

येऊरवासी

वाचून खूप छान वाटलं. स्टेअरिंग काढू दिलं नाहीत, हे सर्वांत महत्त्वाचं.

जुना_चालक

पाणसळ, तुमचं पटलं. माझ्या ८०० चं स्टेअरिंग तीन वर्षांपूर्वी वरून फिरवून घेतलं होतं आणि तेव्हापासून डावं वळण अडतं. मी ते वयाचं समजत होतो, गाडीच्याही आणि माझ्याही. आता आधी फेरे मोजतो.

पाणसळ

काका, ८०० ला पॉवर स्टेअरिंग नाही, त्यामुळे इंजिनचा प्रश्न नाही. पण पुढची दोन चाकं जॅकवर घेऊन स्टँड लावा, मग फेरे मोजा, नाहीतर खांदे दुखतील. मध्य सापडला की स्टेअरिंगच्या शाफ्टवर पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवा. एअरबॅग नाही, तेव्हा तुमच्या गाडीत आधी स्टेअरिंग वरून त्या मध्यावर परत बसवायचं आणि मग दोन्ही टाय रॉड. पिंपरीला येणं जमत असेल तर रविवारी सकाळी या, दुकान बंद असतं पण मी असतो. आपण निवांत करू.

जुना_चालक

रविवारी येतो. सकाळी ९ ला निघालो की ११ पर्यंत पोहोचेन.